१९३० च्या गिरणगावात प्रेमकथा लिहायची असेल तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. तुम्ही १९३० च्या आसपासच्या लालबाग-परळवर, म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांच्या वस्तीवर, गिरणगावावर, कादंबरी लिहीत आहात. नायिका अठरा वर्षांची, अविवाहित, वायंडिंगखात्यात (सूत गुंडाळायच्या खात्यात) कामाला. नायक गिरणीच्या मॅनेजरचा मुलगा. गिरणीच्या फाटकावर दोघांची गाठ पडते, संपात ती सभेत उभी राहून बोलते, आणि शेवटी दोघं घर सोडून लग्न करतात. तुम्ही मसुदा लालबागमधल्या एका आजोबांना वाचायला दिला आणि त्यांनी ‘असं आमच्याकडं होत नव्हतं’ एवढंच म्हणून तो परत केला. आता तुम्ही विचारताय की श्रीमंत-गरीब प्रेम त्या काळी अशक्यच होतं का, आणि नायकाची श्रीमंती थोडी कमी केली तर चालेल का.

अशक्य काहीच नव्हतं. पण नायकाची श्रीमंती कमी करून तुमची अडचण सुटेल असं मला वाटत नाही. मसुद्यात गिरणगाव दोनच थरांचं आहे: वर गिरणीवाले, खाली सगळे कामगार. तिथं राहिलेल्या माणसाला हेच खटकतं. कामगारांच्या आत इतके थर होते, की एकाच चाळीतल्या, एकाच गिरणीतल्या दोघांमधलं अंतरही ओलांडता ओलांडत नसे. तुम्ही मोठी दरी शोधत मॅनेजरच्या बंगल्यापर्यंत गेलात आणि दाराशीच असलेली राहून गेली.

मी १९८० च्या दशकाअखेरीपासून गिरणगावातल्या वृद्ध कामगारांच्या, त्यातही बायकांच्या, आठवणी टेप करत आले आहे. पुढं जे सांगते ते त्या ऐकण्यातून आणि त्या काळच्या सरकारी पाहण्या, कायदे, संपाच्या नोंदी वाचण्यातून आलेलं आहे. यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे: साल १९२५ की १९३५, माणूस रत्नागिरीचा की साताऱ्याचा, जात कोणती, खातं कोणतं, बाई विधवा की नवऱ्यानं टाकलेली. यातलं एक बदललं की गोष्ट बदलते. तरी काही गोष्टी ठामपणे सांगता येतात.

पहिली नायिकेच्या वयाची. १९३० मध्ये गिरणीत कामाला जाणारी अठरा वर्षांची अविवाहित मराठी मुलगी जवळजवळ सापडणार नाही. शारदा कायदा १ एप्रिल १९३० ला लागू झाला आणि त्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरवलं चौदा. तेवढ्यानंही घबराट उडाली आणि कायदा लागू व्हायच्या आत गावोगाव लहान मुलांची लग्नं उरकून घेतली गेली. तेव्हा तुमची नायिका अठराची असेल, तर तिचं लग्न होऊन काही वर्षं उलटलेली असणार. मग ती गिरणीत का आली? बहुधा नवरा गेला म्हणून, त्यानं टाकलं म्हणून, किंवा त्याच्या एकट्याच्या पगारात भागत नाही म्हणून. नायकाचंही तसंच. पंचविशीतला विणकर असेल तर त्याची बायको बहुतेक गावी असणार, सासूबरोबर शेती बघत. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागं जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. हे पुरुष बिनलग्नाचे नव्हते, त्यांचे संसार गावात होते.

म्हणजे गिरणगावातलं प्रेम बहुतेक वेळा अशा माणसांचं होतं, ज्यांचं एक लग्न आधीच झालेलं होतं. हे मान्य केलंत की तुमची कादंबरी एकदम मोठी होते. ‘आईबाप परवानगी देतील का’ हा प्रश्न मागं पडतो आणि त्याहून अवघड प्रश्न पुढं येतात. गावच्या बायकोचं काय, दिराकडं राहिलेल्या मुलाचं काय, आणि या बाईला लोक कोण म्हणणार?

आता गिरणीतले थर. साचेखातं (साच्यांवर, म्हणजे मागांवर, कापड विणणारं) आणि थ्रॉसलखातं (रिंगवर सूत कातणारं) यांत पगाराचा फरक होताच, पण मानाचाही होता. दोन साचे चालवणारा कायम विणकर स्वतःला कारागीर समजे. रिंगवर काम करणाऱ्याला तो बरोबरीचा मानेलच असं नाही. त्यात जात घट्ट विणलेली होती. धोट्यात नवी कांडी घातली की बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागे. या कारणावरून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात येऊ देत नसत. जास्त पगाराचं खातं त्यांना बंद होतं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनपुढं ठणकावून मांडला. त्यामुळं तुमचा नायक विणकर आहे असं लिहिताच वाचकाला त्याची जात कोणती नाही ते कळतं. नायक महार असेल आणि रिंगवर असेल, नायिका मराठा असेल आणि वायंडिंगमध्ये असेल, तर दोघांमधलं अंतर मॅनेजरच्या मुलापेक्षा कमी नाही. ते प्रेम उघडं पडलं तर काय होईल याची कल्पना दोघांनाही पहिल्या दिवसापासून असेल. त्यांना एकमेकांच्या चाळीत पाऊलही टाकता येणार नाही.

बायकांचे थर वेगळे. विसाच्या दशकात गिरणीत साधारण पाच कामगारांत एक बाई होती, आणि बहुतेक बायका वायंडिंग आणि रिलिंग (सुताच्या लडी करणं) या दोन खात्यांत. पगार दोन साचेवाल्या विणकराच्या निम्म्याच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी. त्यांच्यावर नाईकीण, म्हणजे बायकांवरची मुकादमीण, असे. कामाला घेणं, खाडा झाला तर जागा राखणं किंवा घालवणं, हे नाईकिणीच्या आणि तिच्या वरच्या जॉबरच्या (मुकादमाच्या) हातात. रात्रीच्या कामाला बायकांना कायद्यानं बंदी होती. नायक रातपाळीचा असेल तर दोघांच्या वेळा जुळतच नाहीत. तो सुटतो तेव्हा ती फाटकातून आत जाते. एक आजी मला म्हणाल्या होत्या, की त्या माणसाला त्यांनी पहिले कित्येक महिने फक्त समोरून येताना पाहिलं, बरोबर चालताना कधीच नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. गिरणगावात एखादं घर वर चढतंय हे कशावरून कळे? भांडी, फोटो, घड्याळ यांवरून कळेच, पण सगळ्यात आधी कळे ते घरातल्या बाईवरून. नवरा कायम झाला, पुढं जॉबर झाला, की पहिली गोष्ट म्हणजे बायकोचं गिरणीत जाणं बंद. ‘आमच्यातल्या बायका गिरणीत जात नाहीत’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, आणि त्याच घरातल्या आजीनं नंतर हळूच सांगितलंय की त्या स्वतः लग्नानंतर सुरुवातीची वर्षं रिलिंगला होत्या.

दुसरी गोष्ट पाटाची, म्हणजे बाईच्या पुनर्विवाहाची. कुणबी, माळी, धनगर, महार अशा अनेक जातींत आणि मराठ्यांतल्याही बऱ्याच घरांत विधवेचा किंवा सोडलेल्या बाईचा पाट लागत असे. काडीमोड घेता येई. पाट रात्री लागे, त्याला लग्नाचा थाट नसे, आणि पाटाच्या बायकोला कार्यात पहिला मान मिळत नसे. तरीही ते लग्नच होतं. मुलं औरस, संसार सगळ्यांना मान्य. ज्या घरांना मात्र स्वतःला कुळवान म्हणवून घ्यायचं होतं, त्यांच्यात पाट निषिद्ध. म्हणजे घर जितकं वर चढे, तितके बाईचे रस्ते बंद होत. मुंबईत चार पैसे मिळवून गावात मोठं घर बांधणारा जॉबर पहिलं काम हे करे, की ‘आमच्यात पाट लागत नाही’ असं सांगू लागे, मग त्याच्या आजीचा पाट लागलेला का असेना.

तुमच्या गोष्टीत वर्ग आणि प्रेम यांची गाठ इथं पडते. समजा, नायिका विधवा आहे, वायंडिंगला आहे, एक मूल आहे. नायक विणकर आहे, त्याच जातीचा, गावही फार लांबचं नाही. तुमच्या आत्ताच्या मसुद्याच्या हिशेबानं या दोघांत काहीच अडथळा नाही. पण नायकाचा चुलता जॉबर आहे आणि त्याच्या मुलीचं एका कुळवान घरात जमत आलंय. पुतण्यानं पाट लावला, तोही गिरणीत जाणाऱ्या बाईशी, तर ते स्थळ मोडतं. ती बाई गरीब आहे यावर कुणाचा आक्षेप नाही, कारण गरीब सगळेच आहेत. आक्षेप आहे तो तिच्या हातात स्वतःचा पगार आहे यावर, आणि ती रोज बाहेर जाते, पुरुषांशी बोलते, नाईकिणीशी भांडते, म्हणजे ती कुणाच्या ताब्यात नाही यावर. ज्या गोष्टीमुळं नायक तिच्यावर भाळला, तीच गोष्ट त्याच्या घराला नको आहे. आणि त्यानं तिला घरात आणलं, तर पहिली अट असणार काम सोडण्याची. ती सोडेल का? मी ऐकलेल्या बायकांपैकी काहींनी सोडलं, आणि म्हातारपणीही त्यांना गिरणीतला आपला तिकीट नंबर (हजेरीचा नंबर) तोंडपाठ होता.

मॅनेजरच्या मुलाबद्दल. नायकाचा धर्म किंवा जात मसुद्यात कुठंच नाही, आणि हे चालणार नाही. त्या काळी मॅनेजर आणि मास्तर (खात्याचे प्रमुख) यांच्यात पारशी आणि युरोपियन बरेच होते. पारशी धरला तर दोघांना लग्नच करता येणं मुश्कील. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यात १९२३ साली जी दुरुस्ती झाली, तिनं हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांत, धर्म न नाकारता, नोंदणी लग्न करण्याची वाट दिली. पारशी आणि हिंदू यांना ती नव्हती. दोघांनाही आपण अमुक धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागलं असतं. शिवाय परधर्मातून आलेल्या बायकोला पारशी समाज आपली मानत नाही, हे १९०८ च्या पारशी पंचायतीच्या खटल्यात स्पष्ट झालेलं होतं.

पण कायद्यापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते. वायंडिंगखात्यातली बाई आणि साहेबाचा मुलगा यांच्यात सत्तेचं जे माप आहे, त्यात तिला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. नाईकीण, जॉबर, मास्तर यांच्याकडून होणारा त्रास हा माझ्याशी बोललेल्या बायकांचा सगळ्यात जपून सांगितलेला विषय होता. टेप बंद करायला सांगून मग त्या बोलत. हातात काम टिकवायचं तर कुणाच्या मर्जीत राहावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं. अशा जागी साहेबाचा मुलगा हसून बघतो तेव्हा बाईच्या मनात आधी हिशेब उभा राहतो, आणि प्रेम फार नंतर. तुम्हाला हेच नातं ठेवायचं असेल तर ठेवा, पण तिची भीती लिहा. भीती वगळून लिहिलंत तर त्या बायकांवर अन्याय होईल असं मला मनापासून वाटतं.

आता जागा. शहरी प्रेमकथेत दोघं भेटतात कुठं, हा प्रश्न लेखक सहज टाळतात. गिरणगावात तो टाळता येत नाही. कामगार कुटुंबांतली बहुतेक सगळी एका खोलीत राहत. सरकारनं विसाच्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं २०७ बीडीडी चाळी बांधल्या. त्यांच्यातली खोली १६० चौरस फुटांची, मजल्यावर समोरासमोर खोल्या आणि मधे बोळ. अशा एका खोलीत एक कुटुंब आणि वर गावचे चार-सहा बोर्डर, किंवा नुसतेच पुरुष, पाळीपाळीनं झोपणारे. दिवसपाळीवाल्यानं वळकटी गुंडाळली की रातपाळीवाला तिथंच पसरणार. नवराबायकोलाही एकांत मिळत नव्हता, तिथं या दोघांना कुठून मिळणार?

म्हणून भेटी चालता चालता होत. सुटीचा भोंगा झाल्यावर फाटकापासून चाळीपर्यंतचं अंतर. पाण्याचा नळ. जिन्याचा वळणावरचा भाग. नवरात्रात महालक्ष्मीची जत्रा, सुटीच्या दिवशी राणीचा बाग. गणपतीत कुणी कुणाकडं बघावं याची थोडी मोकळीक असे. चिंचपोकळीचा सार्वजनिक गणपती १९२० पासूनचा आहे, तो तुम्हाला घेता येईल. लालबागचा राजा मात्र १९३४ चा. तुमच्या मसुद्यात १९३० साली तो बसलेला आहे, तेवढं दुरुस्त करा.

आणि खानावळ. माझ्या मते तुमच्या गोष्टीची खरी जागा खानावळ आहे. एखादी बाई, बहुतेकदा विधवा किंवा एकटी, दहा-पंधरा पुरुषांना महिन्याच्या बोलीवर जेवायला घालते. पैसे पगार झाल्यावर. त्यातला एक जण हळूहळू पाणी भरून देतो, बाजार आणून देतो, उधारी वसूल करायला बरोबर जातो. काही वर्षांनी तो तिथंच राहू लागतो. त्याची गावची बायको आहे, तिला मनीऑर्डर जातेच आहे. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला १९४६ च्या कायद्यानं बंदी आली, त्याआधी नव्हती. तरीही तो या बाईशी लग्न करत नाही. चाळ तिला त्याच्या नावानं ओळखते, गाव ओळखत नाही. तो आजारी पडून गावी गेला आणि तिकडंच वारला, तर हिला कळणार ते एखाद्या गाववाल्याच्या तोंडून. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत, तेव्हा ती बातमीही उशिरा यायची. अशा बायकांना कुणी विधवा मानलं नाही. त्यांच्या पाठीशी काही उभं राहायला बरीच दशकं जावी लागली. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, तेव्हा गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना पहिल्यांदा स्वतःच्या नावावर बँकेचं कर्ज मिळू लागलं. नायिका खानावळवाली केलीत, तर कादंबरीचा शेवट १९३० च्या दशकात करायचीही गरज उरणार नाही.

जॉबरला तुम्ही खलनायक केलंय. त्यातही थोडं सुधारावं लागेल. जॉबर कामाला लावी, त्याची दस्तुरी (दलाली) घेई. खूपदा खोली त्याची, खानावळ त्याची, कर्जही त्याचंच. त्यामुळं त्याला नको असलेलं नातं टिकणं कठीण, कारण नोकरी आणि छप्पर एकाच माणसाच्या हातात. पण त्यालाही माणसं सांभाळावी लागत. त्यानं फार अन्याय केला तर त्याचेच गाववाले दुसऱ्या जॉबरकडं जात, तालमीत आणि मंडळात त्याची पत जाई. म्हणून तो धमकी देण्याआधी समजूत काढेल. रात्री दोन वडीलधाऱ्यांना घेऊन नायकाच्या खोलीवर येईल, चहा घेईल, गावच्या शेताचं विचारेल, आणि उठताना म्हणेल, ‘बाकी तू समजदार आहेस.’ मला वाटतं, हा प्रसंग मारहाणीपेक्षा जास्त भीतीदायक होईल.

गाव. गावकीच्या, म्हणजे गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या, खोलीत राहणारा माणूस मुंबईत असतानाही गावातच असतो. तिथं त्याच्या जेवणाचा, आजारपणाचा, बेकारीचा आधार आहे, आणि म्हणूनच तिथल्या नजरेतून सुटका नाही. दोघांची जात वेगळी असेल आणि त्यांनी १९२३ च्या दुरुस्तीखाली नोंदणी लग्न केलं, तर कायद्यानं तो एकत्र कुटुंबातून वेगळा धरला जाई. गावच्या जमिनीचा प्रश्न त्याच दिवशी उभा राहणार. संप झाला, गिरणी बंद पडली, की कामगार त्या जमिनीच्याच आधारानं जगत. तेव्हा गाव तोडून प्रेम करणं म्हणजे पुढच्या संपात उपाशी राहायची तयारी ठेवणं. विधवेनं पुन्हा लग्न केलं तर १८५६ च्या कायद्याप्रमाणं तिचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाई. तिचा दीर ‘खुशाल पाट लाव’ म्हणत असेल, तर त्यामागं हे कारण असू शकतं. आणि मूल तो स्वतःकडं ठेवू पाहील.

इथपर्यंतचं थोडक्यात: नायिकेचं एक लग्न झालेलं असू द्या; दोघांमधलं अंतर खातं, जात आणि घराची चढती यांतून येऊ द्या; आणि नोकरी, खोली, गाव या तिन्ही गोष्टी दर प्रकरणात कुणाच्या हातात आहेत ते तुम्हाला माहीत असू द्या.

संपाबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय, की संपानं दोघांना जवळ आणलं असं दाखवलं तर चालेल का. चालेल, पण काही दिवसच. १९२८ चा संप एप्रिलअखेर सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्ये मिटला. पहिल्या आठवड्यांत नागू सयाजीच्या वाडीत सभा, गिरणी कामगार युनियनची लाल बावट्याची गर्दी, बायका-पुरुष एकाच मैदानात. त्या गर्दीत जे बोलणं होईल ते एरवी वर्षभरात झालं नसतं. पण पुढं हाती पैसा नाही, वाणी उधार देत नाही, खानावळ बंद पडत चालली, आणि पुरुष गावाकडं निघाले. ज्यांना जमीन होती ते गेले. जिच्यामागं गाव नाही अशी बाई मुंबईतच राहिली. संपाचं ओझं दोघांवर सारखं पडलं नाही, आणि परत आल्यावर दोघांना एकमेकांकडं बघताना हे जाणवणारच. तो सहा महिने भात लावत होता, ती पठाण सावकाराकडून कर्ज काढत होती, रुपयाला महिन्याला एक आणा व्याजानं. मला विचाराल तर तुमच्या कादंबरीचा मध्य इथं आहे. सभेतल्या तिच्या भाषणात तो नाही.

साल पुढं नेलंत तर काय, असंही तुम्ही विचारलंय. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. तो हवाच होता, पण बायका ठेवणं महाग पडतं म्हणून त्यांची भरती कमी करायला मालकांना तो एक निमित्तही झाला. पुढच्या दशकांत गिरणीतल्या बायका कमी होत गेल्या. साठ-सत्तरच्या दशकातली गोष्ट लिहायची तर ती पुढच्या पिढीची होईल: कामगाराची मॅट्रिक झालेली मुलगी, टायपिंग शिकणारी, आणि दादरच्या पांढरपेशा घरातला मुलगा. त्यात ‘वडील काय करतात’ या प्रश्नाला द्यायचं उत्तर हाच अडथळा. आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतरची गोष्ट लिहायची तर घरात जेवणाचे डबे करून देणारी बाई कमावती आणि कायम नोकरीवाला नवरा रिकामा, असं सगळं उलटंपालटं झालेलं दिसेल. हे दोन्ही काळ चांगले आहेत, पण १९३० पेक्षा अगदी वेगळे. तीन काळांची सरमिसळ मात्र करू नका. सध्या मसुद्यात ती थोडी झालेली आहे.

शेवटी तुमच्या पहिल्या प्रकरणाबद्दल. फाटकावरची नजरानजर काढून टाका असं मी म्हणत नाही. दिवस तेवढा बदला. तो पगाराचा दिवस असू द्या. त्या काळी महिन्याचा पगार पुढचा महिना निम्मा उलटत आल्यावर हातात पडे, आणि त्या दिवशी फाटकाबाहेर पठाण सावकार काठी घेऊन उभे असत. एका आजींनी मला सांगितलं होतं, की त्या माणसाबद्दल त्यांना पहिल्यांदा काही वाटलं ते अशाच दिवशी. तो एक शब्द न बोलता त्यांच्या आणि पठाणाच्या मधून चालत राहिला, चाळीच्या जिन्यापर्यंत, आणि तिथून वळून गेला. पुढं त्यांचा पाट लागला, त्यांच्या सासरच्यांनी तो कधीच मान्य केला नाही, आणि त्यांनी काम सोडलं नाही.

नायक कोकणातला ठेवणार की घाटावरचा, आणि नायिकेचं मूल कुणाकडं आहे, एवढं ठरवून कळवा. गावाकडची माणसं या लग्नाला काय म्हणतील ते त्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही.